जुन्या गृहसंगणकाचे आजच्या संगणकावरील अनुकरण : झेडएक्स स्पेक्ट्रमचे उदाहरण

१. विषयाचे स्वरूप

पोथी जीर्ण झाली तरी तिची नक्कल करून ठेवता येते, आणि नक्कल वाचणाऱ्यास मूळ पोथीच्या कागदाची गरज पडत नाही. संगणकाच्या आज्ञावलीची स्थिती निराळी आहे. आज्ञावली ही वाचण्याची वस्तू असण्यापूर्वी चालविण्याची वस्तू असते, आणि ती ज्या यंत्रासाठी लिहिलेली असते ते यंत्र नाहीसे झाले म्हणजे तिची अक्षर न् अक्षर नक्कल हाती असूनही ती मुकी होते. १९८० नंतरच्या दशकात घरोघरी पोचलेल्या लहान संगणकांसाठी ज्या सहस्रावधी आज्ञावल्या लिहिल्या गेल्या, त्यांच्यावर हीच वेळ आली आहे. मूळ यंत्रांचे कळफलक आणि विद्युत्‌घटक निकामी होत आहेत. ज्या ध्वनिफितींवर आज्ञावल्या साठविल्या गेल्या त्यांचा चुंबकीय लेप क्षीण होत आहे. ह्या अवस्थेवर जो व्यवहार्य उपाय निघाला तो म्हणजे अनुकारक, अर्थात एम्युलेटर. जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर हुबेहूब घडवून आणणारी आज्ञावली, अशी त्याची व्याख्या करता येईल.

अनुकारक वापरणे आज सोपे झाले आहे. कोणताही विद्यार्थी काही मिनिटांत आपल्या संगणकाच्या पडद्यावर चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्र उभे करू शकतो. परंतु ह्या सुलभतेमुळेच एक महत्त्वाचा प्रश्न दृष्टीआड होतो. पडद्यावर दिसते ते मूळ यंत्राचेच वर्तन होय, ह्याला प्रमाण काय? संगणनाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने अनुकारकात पाहिलेली गोष्ट पुरावा म्हणून मांडावयाची असेल, तर ह्या प्रश्नास उत्तर देता आले पाहिजे. प्रस्तुत लेखात झेडएक्स स्पेक्ट्रम ह्या एकाच यंत्राचे उदाहरण घेऊन अनुकरणाचे तत्त्व, त्यातील अडचणी, प्रत्यक्ष वापराची पद्धत आणि परीक्षेची साधने ह्यांचा क्रमाने विचार केला आहे.

२. मूळ यंत्र

झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक इंग्लंडमधील केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च ह्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. यंत्राची विद्युत्‌रचना रिचर्ड आल्टवासर ह्यांची, आणि त्यातील कायम स्मृतीत (रॉममध्ये) कोरलेली बेसिक भाषा प्रामुख्याने स्टीव्ह व्हिकर्स ह्यांची होती. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड व ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड ठेवण्यात आली. ही किंमत साधण्यासाठी जी काटकसर करावी लागली तिचा प्रभाव यंत्राच्या प्रत्येक अंगावर पडलेला आहे, आणि अनुकरणातील बहुतेक अडचणींचे मूळही तेथेच आहे.

ह्या यंत्राचा महाराष्ट्राशीही प्रत्यक्ष संबंध आला. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने स्पेक्ट्रम प्लस हे त्याचे सुधारलेले रूप 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ह्या नावाने भारतात विक्रीस आणले. तेव्हा ह्या यंत्राच्या जतनाचा प्रश्न केवळ परदेशातील हौशी संग्राहकांचा आहे, असे म्हणता येणार नाही.

यंत्राचे मुख्य भाग चार. पहिला, झायलॉग कंपनीच्या झेड८० ए जातीचा प्रक्रियक. त्याचे घड्याळ सेकंदास ३५ लक्ष स्पंद देते. दुसरा, १६ किलोबाइटची कायम स्मृती. तिसरा, मोठ्या यंत्रात ४८ किलोबाइटची बदलती स्मृती. चौथा भाग म्हणजे फेरँटी कंपनीने बनविलेली यूएलए ही चिप. दूरदर्शन संचाकडे जाणारे चित्र तयार करणे, कळफलकावरील ४० कळांची स्थिती कळविणे, ध्वनिफितीचा संकेत आत घेणे व बाहेर देणे आणि लहानशा ध्वनिक्षेपकातून आवाज काढणे ही सर्व कामे ही एकच चिप करते.

चित्राची रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पडद्यावर आडवे २५६ व उभे १९२ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस एक बिट ह्या हिशेबाने त्यांना ६१४४ बाइट लागतात. प्रत्येक बिंदूस स्वतंत्र रंग देण्याइतकी स्मृती परवडणारी नसल्याने ८ गुणिले ८ बिंदूंच्या प्रत्येक चौकोनास रंगासाठी एकच बाइट दिला आहे. असे चौकोन ७६८. एकूण चित्र ६९१२ बाइटांत मावते. मात्र एका चौकोनात दोनच रंग येऊ शकतात, आणि म्हणून एक आकृती दुसरीवरून सरकू लागली की रंग परस्परांत मिसळल्यासारखे दिसतात. ह्या यंत्रावरील चित्रांची ओळख पटविणारा हा दोष अनुकारकाने सुधारावयाचा नसतो. तो जसाच्या तसा राखावयाचा असतो.

३. अनुकरणाचे तत्त्व

एक संगणक दुसऱ्या संगणकाचे काम करू शकतो ह्या विधानामागील सिद्धान्त संगणकांहूनही जुना आहे. ॲलन ट्युरिंग ह्यांनी १९३६ साली सिद्ध केलेल्या निबंधात असे एक सार्वत्रिक यंत्र कल्पिले, की ज्याला दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन पुरविले असता ते त्या यंत्राप्रमाणे वागेल. व्यवहारात ह्या कल्पनेचा मोठा उपयोग आय.बी.एम. कंपनीने केला. १९६४ साली सिस्टिम/३६० ही नवी संगणकमालिका जाहीर करताना १४०१ सारख्या जुन्या यंत्रांसाठी ग्राहकांनी लिहून ठेवलेल्या आज्ञावल्या वाया जाऊ नयेत, अशी योजना करणे कंपनीस भाग होते. त्यासाठी नव्या यंत्रात जुन्या यंत्राच्या आज्ञा ओळखण्याची जी सोय केली, तिच्यासाठी 'एम्युलेटर' हा शब्द त्याच सुमारास रूढ झाला. म्हणजे जुनी आज्ञावली जगविण्याची गरज प्रथम भासली ती व्यापारास. इतिहासास ती पुढे भासली.

अनुकारकाचे अंतरंग एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. स्मृतीतील ३२७६८ ह्या पत्त्यापासून ६२, २, २११, २५४, २०१ हे पाच बाइट ठेवले आहेत, असे समजावे. झेड८० च्या भाषेत ६२ म्हणजे 'पुढील संख्या ए-रजिस्टरमध्ये ठेव'. तेथे २ ही संख्या जाते. २११ म्हणजे 'ए-रजिस्टरमधील संख्या पुढे दिलेल्या पोर्टाकडे पाठव'. २५४ हा यूएलएचा पोर्ट होय, आणि त्यास पाठविलेल्या संख्येतील शेवटच्या तीन बिटांवरून पडद्याच्या किनारीचा रंग ठरतो. २ म्हणजे लाल. २०१ म्हणजे 'जेथून आलास तेथे परत जा'.

अनुकारकात प्रक्रियकाच्या प्रत्येक रजिस्टरासाठी एकेक चल आणि स्मृतीसाठी ६५५३६ बाइटांची एक सारणी असते. तो सारणीतून ६२ हा बाइट उचलतो, त्याचा अर्थ पाहतो, ए ह्या चलात २ ठेवतो, पुढील पत्त्यावर जातो, आणि हाच क्रम अखंड चालू ठेवतो. येथपर्यंतचे काम पदवी वर्गातील विद्यार्थीही करू शकेल. झेड८० च्या आज्ञा काही शेकड्यांत मोजण्याजोग्या आहेत आणि त्यांचे वर्णन निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले आहे. आजच्या संगणकाचे घड्याळ मूळ यंत्राच्या सुमारे हजारपट वेगवान असल्याने एका जुन्या स्पंदाच्या कामासाठी नव्या यंत्रास हजारभर स्पंद मिळतात. म्हणून गतीचीही चिंता नसते. खरी अडचण आज्ञांच्या अर्थात नसून त्यांच्या वेळेत आहे.

४. वेळेचा प्रश्न

वरील पाच बाइटांतील तीन आज्ञांना अनुक्रमे ७, ११ व १० घड्याळस्पंद लागतात. एकूण २८ स्पंद, म्हणजे सेकंदाचे ८ दशलक्षांश. दूरदर्शनच्या पडद्यावर एक आडवी रेषा काढण्यास ह्या यंत्राला २२४ स्पंद लागतात, म्हणजे ६४ दशलक्षांश सेकंद. अशा ३१२ रेषा मिळून एक चित्र होते. त्यास ६९८८८ स्पंद लागतात, आणि सेकंदास पन्नासाहून किंचित अधिक चित्रे पडद्यावर उमटतात. ह्याचा अर्थ असा की, एक रेषा पुरी होण्याच्या आत आज्ञावली किनारीचा रंग अनेकदा बदलू शकते. चतुर आज्ञावलीकारांनी ह्याचा उपयोग करून किनारीवर पट्टे उमटविले. जो अनुकारक प्रत्येक चित्राच्या शेवटी एकदाच किनारीचा रंग पाहतो, त्याच्या पडद्यावर हे पट्टे दिसणारच नाहीत. आज्ञांचा अर्थ अचूक, आणि चित्र मात्र चुकीचे, असा हा प्रकार आहे.

ह्याहून सूक्ष्म अडचण स्मृतीच्या वाटणीतून निर्माण होते. पत्ता १६३८४ पासून ३२७६७ पर्यंतची स्मृती प्रक्रियक व यूएलए ह्या दोघांच्या सामाईक वापरात आहे, कारण चित्राचे ६९१२ बाइट तेथेच असतात. दूरदर्शनचा किरण थांबत नाही. म्हणून दोघांना एकाच वेळी ही स्मृती हवी असेल तर यूएलएचा हक्क आधी, आणि प्रक्रियकाचे घड्याळ तेवढा वेळ रोखून धरले जाते. चित्राच्या १९२ रेषांपैकी प्रत्येकीतील १२८ स्पंदांच्या काळात ही अडवणूक चालते. दर आठ स्पंदांच्या आवर्तनात कोणत्या क्षणी मागणी आली त्यावरून प्रक्रियकास ६, ५, ४, ३, २, १, ० किंवा ० स्पंद थांबावे लागते. परिणामी तीच आज्ञावली ३२७६८ च्या वरच्या स्मृतीत एका वेगाने चालते, व खालच्या स्मृतीत त्याहून मंद चालते. इतकेच नव्हे, तर यूएलएच्या पोर्टाशी व्यवहार करतानाही अशीच अडवणूक होते. म्हणून वरील उदाहरणातील २८ स्पंदांचा हिशेब किरण चित्राच्या भागात नसेल तेव्हाच तंतोतंत खरा ठरतो.

ही गोष्ट निर्मात्यांनी गुण म्हणून योजिली नव्हती. ती काटकसरीची किंमत होती. परंतु आज्ञावलीकारांनी यंत्र जसे होते तसे अभ्यासले आणि त्याच्या दोषांवरही आपली रचना उभारली. कोणत्याही साधनाशी न जोडलेल्या पोर्टाचे वाचन केले असता, यूएलए त्या क्षणी चित्रस्मृतीतून जो बाइट वाचीत असेल तोच प्रक्रियकाच्या हाती येतो, असे काहींच्या ध्यानात आले. ह्या योगायोगावरून किरण पडद्यावर कोठे पोचला आहे हे ताडता येते. आर्कनॉइड आणि कोब्रा ह्या स्पेक्ट्रमवरील खेळांत ह्याच युक्तीने चित्राची हालचाल किरणाशी जुळवून घेतलेली आहे. ज्या अनुकारकात हा योगायोग उतरविलेला नाही, त्यात अशा युक्तीवर विसंबलेली आज्ञावली कधीच न येणाऱ्या संकेताची वाट पाहत खोळंबते, किंवा तिची लय बिघडते.

म्हणून अनुकारकाच्या रचनाकारास यंत्राचा अधिकृत आराखडा पुरत नाही; यंत्र प्रत्यक्षात कसे वागते ह्याचा शोध घ्यावा लागतो. झेड८० च्या स्थितिदर्शक रजिस्टरातील तिसऱ्या व पाचव्या बिटांचे वर्तन निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेले नव्हते. ते प्रयोगाने निश्चित करावे लागले. यूएलएच्या अंतर्गत रचनेचा उलगडा तर यंत्र बाजारातून गेल्यानंतर कित्येक वर्षांनी झाला. ख्रिस स्मिथ ह्यांनी चिपच्या अंतर्भागाच्या छायाचित्रांचा अभ्यास करून तिची मंडले पुन्हा मांडली आणि तो अभ्यास २०१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. शिलालेखाच्या वाचनाशी ह्या कार्याचे साम्य आहे. फरक एवढाच की, येथे लेख कोरणारे लोक अभ्यासकाच्याच काळातले होते.

५. ध्वनिफीत आणि तिची तीन रूपे

स्पेक्ट्रमवरील बहुतेक आज्ञावल्या साध्या कॅसेटवर साठविल्या जात. साठवणीची पद्धत अशी : प्रथम २१६८ स्पंद लांबीच्या तरंगखंडांचा एकसुरी नाद काही सेकंद चालतो, नंतर ६६७ व ७३५ स्पंदांचे दोन लहान खंड 'आता मजकूर सुरू' अशी खूण देतात, आणि त्यापुढे प्रत्येक बिटासाठी दोन खंड येतात. शून्याचे खंड ८५५ स्पंदांचे, एकाचे त्याच्या दुप्पट म्हणजे १७१० स्पंदांचे. अखेरीस ताळ्याचा एक बाइट असतो. आधीचे सर्व बाइट बिटवार वेगळेपणाच्या (एक्सऑर) क्रियेने एकत्र केले असता तोच बाइट यावा लागतो. ह्या गतीने ४८ किलोबाइटची स्मृती भरण्यास चार ते पाच मिनिटे लागत.

ही माहिती अनुकारक वापरणाऱ्यासही आवश्यक आहे, कारण जतन केलेल्या आज्ञावल्या प्रामुख्याने तीन प्रकारच्या फायलींत आढळतात, आणि प्रत्येक प्रकारात काही ना काही गाळलेले असते.

टॅप ह्या प्रकारात फितीवरील बाइट तेवढे नोंदविलेले असतात. तरंगखंडांची लांबी गृहीत धरलेली असते. बेसिकच्या सामान्य पद्धतीने साठविलेल्या आज्ञावलीस हे पुरेसे आहे. परंतु नक्कल होऊ नये म्हणून अनेक प्रकाशकांनी तरंगखंडांची लांबी बदलून स्वतःच्या पद्धती योजिल्या. त्यांची नोंद टॅपमध्ये करता येत नाही. टीझेडएक्स प्रकारात खंडांच्या लांबीसकट फितीचे वर्णन असते. म्हणून मूळ वस्तूच्या जतनासाठी तोच प्रकार ग्राह्य मानावा. तिसरा प्रकार स्मृतिचित्राचा. एखाद्या क्षणी यंत्र गोठवून त्याची सारी स्मृती आणि रजिस्टरे फाइलीत उतरविली म्हणजे स्मृतिचित्र होते. एसएनए प्रकारची अशी फाइल नेहमी ४९१७९ बाइटांची असते : स्मृतीचे ४९१५२, व रजिस्टरे आणि इतर स्थिती ह्यांचे २७. ते क्षणार्धात उघडते व वापरावयास सोयीचे पडते. परंतु त्यात फितीचा मागमूस उरत नाही. शिवाय ह्या प्रकारात पुढील आज्ञेचा पत्ता वेगळा न नोंदविता आज्ञावलीच्या स्वतःच्या स्टॅकवर ठेवला जातो; त्यामुळे तेथील दोन बाइट पुसले जाण्याचा संभव राहतो.

हा भेद व्यवहारात किती महत्त्वाचा आहे हे पुढील कल्पित उदाहरणावरून दिसेल. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्यास स्वतः रेखाटता येतील अशा २१ अक्षरचिन्हांची सोय आहे. प्रत्येक चिन्ह आठ बाइटांचे. एकूण १६८ बाइट, स्मृतीच्या अगदी टोकास, ६५३६८ ह्या पत्त्यापासून पुढे. कोणी ह्या जागी देवनागरी अक्षरे रेखाटून मराठी शब्द दाखविणारी बेसिक आज्ञावली लिहिली, आणि नेहमीच्या आज्ञेने ती फितीवर साठविली, असे समजावे. ह्या आज्ञेने केवळ आज्ञावली व तिची चले साठविली जातात. अक्षरचिन्हे स्वतंत्रपणे साठवावी लागतात. तो दुसरा भाग फितीवरून उतरविताना राहून गेला, तर अनुकारकात आज्ञावली बिनचूक चालेल, ताळाही जमेल, आणि पडद्यावर मराठी शब्दांच्या जागी इंग्रजी मोठ्या अक्षरांची निरर्थक रांग उमटेल. कारण न रेखाटलेल्या चिन्हांच्या जागी यंत्र मूळची अक्षरे दाखविते. पाहणाऱ्यास वाटेल की आज्ञावलीतच काही अर्थ नव्हता. फीत उतरविणाऱ्याने ती पहिला खंड मिळताच न थांबविता अखेरपर्यंत ऐकावी, हा नियम येथून निघतो.

६. प्रत्यक्ष वापर

आजच्या संगणकावर स्पेक्ट्रम उभा करण्यास तीन गोष्टी लागतात : अनुकारक, कायम स्मृतीची १६३८४ बाइटांची नक्कल, आणि आज्ञावलीची फाइल. फ्यूज हा अनुकारक फिलिप केंडॉल ह्यांनी सुरू केला. त्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे व तो विंडोज, लिनक्स आणि मॅक ह्या तिन्ही प्रणालींवर चालतो. अभ्यासाच्या दृष्टीने खुल्या संहितेस महत्त्व आहे. अनुकारकाचे एखादे वर्तन शंकास्पद वाटल्यास ते कोणत्या ओळीतून उद्भवते हे तपासता येते.

अनुकारक सुरू केल्यावर पांढऱ्या पडद्याच्या तळाशी १९८२ सालची स्वामित्वसूचना दिसते. येथे नवागतास पहिली अडचण येते ती कळफलकाची. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये शब्द अक्षरशः टंकावयाचे नसतात; ओळीच्या आरंभी एक कळ दाबली की अख्खा शब्द उमटतो. जे ह्या कळेने 'लोड', पी ह्या कळेने 'प्रिंट', ओ ह्या कळेने 'पोक'. अवतरणचिन्हासाठी सिंबल शिफ्ट ही कळ धरून पी दाबावी लागते. आधुनिक कळफलकावर सिंबल शिफ्ट नाही. बहुधा तिचे काम कंट्रोल कळेकडे व कॅप्स शिफ्टचे काम साध्या शिफ्ट कळेकडे सोपविलेले असते. म्हणून फितीवरील आज्ञावली उघडण्याची आज्ञा अशी द्यावी : जे, नंतर कंट्रोल धरून दोनदा पी, आणि मग एंटर. त्यानंतर अनुकारकाच्या यादीतून फितीची फाइल निवडून ती 'चालू' करावी.

बहुतेक अनुकारक येथे एक सवलत देतात. कायम स्मृतीतील १३६६ ह्या पत्त्यावर फीत वाचण्याचा विधी सुरू होतो. प्रक्रियक तेथे पोचताच अनुकारक त्यास बाजूस सारून फाइलीतील बाइट थेट स्मृतीत भरतो, आणि मिनिटांचे काम निमिषात होते. स्वतःची वाचनपद्धती असलेल्या आज्ञावल्या ह्या पत्त्यावर येतच नाहीत. त्यांच्यासाठी ही सवलत बंद करून फीत खऱ्या वेळेने चालू द्यावी.

आणखी दोन बाबींकडे लक्ष देणे इष्ट आहे. पहिली, चित्रांची गती. मूळ यंत्र सेकंदास पन्नास चित्रे देते, आणि आजचे बहुसंख्य पडदे सेकंदास साठ वेळा उजळतात. पन्नास चित्रे साठ वेळांत बसवावयाची म्हणजे दर पाच चित्रांतील एक दोनदा दाखवावे लागते, व सरळ सरकणारी आकृती थरथरल्यासारखी दिसते. पडदा पन्नासाच्या गतीवर ठेवण्याची सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास ही थरथर मूळ आज्ञावलीची नव्हे, हे ध्यानात ठेवावे. दुसरी, चित्राचा पोत. मूळ चित्र दूरदर्शनच्या काचेवर उमटत असे, व तेथे शेजारचे बिंदू एकमेकांत किंचित मिसळत. आजच्या सपाट पडद्यावर प्रत्येक बिंदू काटेकोर चौकोनी दिसतो. चित्रकाराने ठिपक्यांची जाळी काढून छायेचा आभास योजिला असेल, तर तो येथे नाहीसा होतो. हा परिणाम पूर्ववत करणाऱ्या चाळण्या अनुकारकांत असतात; त्या वापरल्या की नाही ह्याची नोंद ठेवावी.

घरातील जुनी कॅसेट उतरवावयाची असल्यास फीत एकदा पुढेमागे फिरवून घ्यावी, कॅसेटयंत्राच्या वाचनशीर्षाचा कोन आवाज सर्वांत तीक्ष्ण येईल असा लावावा, आणि ध्वनी सेकंदास ४४१०० नमुने ह्या प्रमाणात, न दाबलेल्या वेव्ह फाइलीत घ्यावा. ह्या प्रमाणात शून्याच्या खंडास सुमारे ११ व एकाच्या खंडास सुमारे २२ नमुने मिळतात. दोहोंतील भेद ओळखण्यास हे अंतर पुरेसे आहे. गाण्यांसाठी वापरण्यात येणारे आकार घटविणारे प्रकार टाळावेत, कारण ते मानवी कानास न जाणवणारा भाग गाळतात, आणि यंत्राच्या दृष्टीने तोच भाग महत्त्वाचा असू शकतो. ताळा जमला म्हणजे मजकूर बहुधा शुद्ध आहे असे समजावे. तथापि एकाच स्थानच्या बिटांतील दोन चुका परस्परांस झाकू शकतात. म्हणून फीत दोनदा उतरवून दोन्ही फाइली ताडून पाहणे अधिक सुरक्षित होय.

७. अनुकरणाची परीक्षा

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. अनुकारकाच्या खरेपणाची परीक्षा तीन पातळ्यांवर होते.

पहिली पातळी आज्ञांची. फ्रँक क्रिंगल ह्यांनी रचलेली झेड८० ची परीक्षक आज्ञावली प्रत्येक आज्ञागट असंख्य भिन्न मूल्यांवर चालविते, सर्व निष्कर्षांची एक संक्षिप्त संख्या काढते, आणि खऱ्या प्रक्रियकावरून मिळालेल्या संख्येशी ती ताडून पाहते. येथे प्रमाण प्रत्यक्ष वस्तूचे आहे, पुस्तिकेचे नाही. दुसरी पातळी वेळेची. किनारीवर पट्टे उमटविणाऱ्या किंवा अडवणुकीचे स्पंद मोजणाऱ्या लहान आज्ञावल्या मूळ यंत्रावर व अनुकारकावर चालवून परिणामांची तुलना करतात. तिसरी पातळी प्रत्यक्ष आज्ञावल्यांची. ज्या रचना यंत्राच्या योगायोगांवर विसंबून आहेत त्या चालतात की नाहीत हे पाहिले जाते.

विद्यार्थ्यास स्वतः करता येईल अशी एक परीक्षा वर दिलेल्या पाच बाइटांतच आहे. ते स्मृतीत भरून ३२७६८ हा पत्ता चालविला असता किनार लाल होते. त्यानंतर कोणतीही कळ दाबावी. किनार पुन्हा पूर्वीच्या रंगाची झाली पाहिजे. ह्याचे कारण असे की, प्रत्येक कळेबरोबर यंत्र एक बारीक 'टक्' आवाज काढते. आवाजाचा व किनारीचा पोर्ट एकच असल्याने आवाज काढणारा विधी बेसिकने नोंदवून ठेवलेला किनारीचा रंगही पुन्हा पाठवितो. दिसावयास क्षुल्लक अशी ही घटना प्रक्रियक, कायम स्मृती आणि यूएलए ह्या तिघांच्या संबंधातून घडते. अनुकारकात ती आपोआप घडली, कोणी मुद्दाम लिहिलेली नसतानाही घडली, तर हे तीन भाग व त्यांचा संबंध योग्य रीतीने उतरला आहे असा विश्वास बाळगण्यास आधार मिळतो.

ह्यावरून अनुकारकाचे शास्त्रीय स्वरूप स्पष्ट होते. अनुकारक ही यंत्राची प्रतिकृती आहे असे म्हणण्यापेक्षा तो यंत्राविषयीचा सिद्धान्त आहे असे म्हणणे अधिक यथार्थ होय. प्रत्येक सिद्धान्ताप्रमाणे तो प्रत्यक्षाशी ताडून पाहावा लागतो, एखादा प्रतिकूल पुरावा पुढे आला की सुधारावा लागतो, आणि तो कोणत्या मर्यादेत खरा आहे हे सांगावे लागते. म्हणूनच जुन्या आज्ञावलीविषयी लिहिणाऱ्या संशोधकाने केवळ 'स्पेक्ट्रमवर असे दिसते' असे न लिहिता अनुकारकाचे नाव, त्याची आवृत्ती, फाइलीचा प्रकार आणि वापरलेल्या सवलती ह्यांची नोंद करावी. हस्तलिखिताचा आधार देताना प्रत कोणती हे सांगण्याचा जो दंडक आहे, तोच येथेही लागू आहे.

८. स्वामित्व आणि काल

तांत्रिक प्रश्नाबरोबर हक्काचाही प्रश्न आहे. स्पेक्ट्रमची कायम स्मृती ही एक साहित्यकृतीच असून तिचे स्वामित्व कोणाकडे तरी असते. १९८६ साली सिंक्लेअरचा संगणकव्यवसाय ॲमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतला. त्या कंपनीने १९९९ साली स्वामित्वसूचना अबाधित ठेवण्याच्या अटीवर ही कायम स्मृती अनुकारकांबरोबर वाटण्यास अनुमती दिली. आज फ्यूजसारखे अनुकारक उघडपणे वापरता येतात ते ह्या उदारतेमुळे. स्वतंत्र आज्ञावल्यांचे हक्क मात्र त्यांच्या त्यांच्या धन्यांकडे आहेत, आणि कित्येकदा तो धनी कोण हेच ठरविता येत नाही. संस्थेच्या संग्रहासाठी फिती उतरविताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

परीक्षेचे जे तीन प्रकार वर सांगितले, त्यांपैकी पहिल्या दोहोंत मूळ यंत्राशी प्रत्यक्ष तुलना अपेक्षित आहे. झायलॉग कंपनीने झेड८० ह्या प्रक्रियकाच्या सुट्या चिपांचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय २०२४ साली जाहीर केला. फेरँटीच्या यूएलएचे उत्पादन त्याआधीच कित्येक वर्षे बंद झाले होते. चालू स्थितीतील मूळ यंत्रांची संख्या ह्यापुढे घटतच जाईल. ती असेपर्यंतच त्यांच्याशी अनुकारक ताडून पाहता येतील, आणि ज्या गोष्टी तोवर तपासल्या जाणार नाहीत त्यांविषयी नंतर केवळ अनुमान करता येईल. पुण्यात विकल्या गेलेल्या यंत्रांपैकी काही अद्याप घरांच्या माळ्यांवर, शाळांच्या कपाटांत पडून असण्याचा संभव आहे. अशा यंत्रांची व त्यांच्यासोबतच्या कॅसेटींची नोंद करणे, फिती अखेरपर्यंत उतरविणे आणि चालू यंत्रावर परीक्षक आज्ञावल्या चालवून निष्कर्ष लिहून ठेवणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. त्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही; एक कॅसेटयंत्र, एक साधा संगणक आणि काटेकोर नोंदवही एवढे साहित्य पुरेसे आहे.